जर्मन क्लॅरिनेटची घडण आणि मराठवाड्याची सनई

सनईचा परिचय करून देताना तिला कधी ‘भारतीय ओबो’ तर कधी ‘भारतीय क्लॅरिनेट’ म्हणण्याचा प्रघात इंग्रजी वर्णनांतून पडला आणि तेथून तो मराठी लेखनातही उतरला. यांपैकी पहिले उपमान बरेचसे यथार्थ आहे. दुसरे मात्र दिशाभूल करणारे आहे. ही दिशाभूल केवळ नावापुरती असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या नावाच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. सनई आणि क्लॅरिनेट ही एकाच जातीची दोन वाद्ये असून त्यांतील एक चाव्या नसलेले म्हणून मागासलेले आणि दुसरे चाव्यांनी युक्त म्हणून विकसित, अशी ती समजूत होय. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत लग्नाच्या वाजंत्रीतून सनई मागे पडली आणि बँडमधील क्लॅरिनेट पुढे आले, ही घटनाही याच समजुतीच्या आधारे ‘जुन्याची जागा सुधारलेल्या नव्याने घेतली’ अशा शब्दांत सांगितली जाते. दोन्ही वाद्यांची घडण बारकाईने पाहिली असता ही उपपत्ती टिकत नाही. क्लॅरिनेट मराठवाड्यात आले त्याची कारणे निराळी आहेत आणि ती वाद्याच्या नळीत नसून वाजविणाऱ्याच्या स्थितीत आहेत.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. ‘सनई’ हा शब्द फारसी ‘शहनाय’ या रूपाचा मराठी अवतार आहे. त्याच्या जोडीचे ‘सुर्नाय’ हे रूप पश्चिमेस तुर्कस्तानात ‘झुर्ना’ व पूर्वेस चीनमध्ये ‘सुओना’ असे पसरलेले दिसते. दोहोंतील उत्तरपद ‘नाय’ म्हणजे वेताची किंवा बोरूची नळी. क्लॅरिनेटचे पूर्वज असलेले जे फ्रेंच वाद्य ‘शालुमो’ त्याचे नावही अशाच एका वनस्पतीवरून आले आहे. लॅटिनमधील ‘कालामुस’ व ग्रीकमधील ‘कालामोस’ म्हणजे बोरू. त्याच ग्रीक शब्दापासून अरबी ‘कलम’ आणि अरबीतून मराठी ‘कलम’ आला. मराठवाड्यातील कुलकर्ण्याच्या हातातील लेखणी आणि न्यूरेंबर्गच्या कारागिराच्या हातातील शालुमो ही दोन्ही शब्ददृष्ट्या एकाच बोरूच्या बेटातील आहेत, हे सहज ध्यानात येण्यासारखे नाही.

‘क्लॅरिनेट’ या नावाचा मात्र बोरूशी संबंध नाही. इटालियन ‘क्लारिनो’ म्हणजे तुतारीचा उंच, स्वच्छ सूर. मुळाशी लॅटिन ‘क्लारुस’ म्हणजे स्पष्ट, उजळ. ‘क्लारिनेत्तो’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप. म्हणजे क्लॅरिनेट हे नाव अर्थाने ‘छोटी तुतारी’ ठरते. हे नाव का पडले याचा उलगडा योहान गोटफ्रीड वाल्टर याच्या १७३२ च्या संगीतकोशात मिळतो. दुरून ऐकले असता या वाद्याचा आवाज तुतारीसारखा भासतो, अशा आशयाची नोंद त्याने केली आहे. मराठीत जुन्या पिढीच्या तोंडी ‘क्लॅरिओनेट’ हा उच्चार असे. तो एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी रूपावरून आलेला आहे, अपभ्रंश नव्हे.

आता घडणीकडे वळू. सनईची नळी वरच्या टोकाशी अरुंद व खाली रुंद होत जाणारी, म्हणजे शंकूच्या आकाराची असते. वरच्या टोकाशी दोन पात्यांची पत्ती बसविलेली असते व ती दोन्ही ओठांत धरून फुंकतात. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सर्व लांबीभर सारख्या व्यासाची, म्हणजे दंडगोल असते. खालचा कर्णा तेवढा उमलतो. तिच्या माउथपीसवर एकच पाते बांधलेले असते. शंकू आणि दंडगोल, दोन पाती आणि एक पाते, एवढाच हा भेद. परंतु त्यातील आकाराच्या भेदाचा परिणाम फार दूरवर जातो.

सनईची सर्व छिद्रे बंद करून एक स्वर काढला व तो षड्ज मानला, तर बोटे तशीच ठेवून फुंक व ओठांचा दाब वाढविताच तार षड्ज मिळतो. म्हणून एका सप्तकापुरती छिद्रे असली की काम भागते; वरच्या सप्तकासाठी तीच बोटे पुन्हा त्याच क्रमाने उचलावयाची. क्लॅरिनेटमध्ये असे होत नाही. एका टोकाशी बंद असलेल्या दंडगोल नळीत मूळ कंपनाच्या दुप्पट कंपनाचा स्वर ठरत नाही, तो तिप्पट कंपनाचा ठरतो. त्यामुळे षड्जाची बोटे तशीच ठेवून वरचा स्वर काढू गेल्यास तार षड्ज न मिळता त्याच्याही पलीकडचा तार पंचम मिळतो. षड्जापासून तार पंचमापर्यंतचे सर्व स्वर पहिल्याच फेरीत, छिद्रे उघडून, काढावे लागतात. माणसाला बोटे दहा, त्यांतील उजवा अंगठा वाद्य पेलण्यात गुंतलेला. चाव्यांचा जन्म या अडचणीतून झाला. सुधारणेच्या हौसेशी त्याचा संबंध नाही.

हा इतिहास न्यूरेंबर्ग येथे सुरू होतो. योहान क्रिस्टोफ डेन्नर याचा जन्म १६५५ मध्ये लाइपझिग येथे झाला. त्याचा बाप शिंगे कातण्याचा आणि शिकाऱ्यांसाठी पशुपक्ष्यांच्या आवाजाच्या शिट्ट्या बनविण्याचा धंदा करी. कुटुंब न्यूरेंबर्गला आले, मुलाने बापाचा धंदा शिकला व पुढे फ्रान्समध्ये निघालेल्या नव्या पद्धतीची ओबो व बासरीसारखी वाद्ये बनविण्यास आरंभ केला. १६९६ मध्ये त्याने एका सहव्यावसायिकासह नगरसभेकडे अर्ज करून ही वाद्ये बनविण्याची व विकण्याची परवानगी मागितली आणि पुढील वर्षी ती मिळाली. १७०७ मध्ये तो वारला. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १७३० मध्ये, न्यूरेंबर्गच्या गणिती व कारागिरांचा वृत्तान्त लिहिताना डोपेलमायर याने शतकाच्या आरंभी क्लॅरिनेट शोधून काढल्याचे श्रेय डेन्नरला दिले. कागदोपत्री उल्लेख त्याआधीचा आहे: १७१० मध्ये त्याचा मुलगा याकोब डेन्नर याच्याकडून मागविलेल्या वाद्यांच्या यादीत क्लॅरिनेटचे नाव येते. श्रेय बापाचे किती व मुलाचे किती हा वाद बाजूस ठेवला तरी चालेल. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की एका शिंगे कातणाऱ्याचा मुलगा नगरसभेला अर्ज करतो, आपल्या वाद्यावर स्वतःच्या नावाचा छाप मारतो आणि मृत्यूनंतर वीसपंचवीस वर्षांत गणितज्ञांच्या पंक्तीस त्याचे चरित्र लिहिले जाते.

या पहिल्या क्लॅरिनेटला दोनच चाव्या होत्या. त्यांचे कार्य आपल्या स्वरनामांत सांगता येते. शालुमोच्या आठ छिद्रांतून, म्हणजे समोरची सात व मागे अंगठ्याचे एक यांतून, षड्जापासून तार ऋषभापर्यंत नऊ स्वर निघत. डेन्नरने वरच्या भागात समोर एक व मागे एक अशा दोन पितळी चाव्या बसविल्या. समोरचीने तार गंधार मिळाला, दोन्ही मिळून उघडल्यावर शुद्ध मध्यम. मागची चावी दुहेरी कामाची होती. तिचे छिद्र वरच्या टोकाजवळ असल्यामुळे ती उघडताच नळी तिप्पट कंपनाच्या स्वरात उडी घेई, आणि मग तार पंचमापासून पुढची फेरी खालच्याच बोटांनी वाजविता येई. शुद्ध मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये मात्र एक स्वर उरला, तो तीव्र मध्यम. तो कसाबसा ओठांनी ओढून काढावा लागे. यावर अठराव्या शतकाच्या मध्यास जो उपाय निघाला तो मार्मिक आहे. वरची बाजू तशीच ठेवून कारागिरांनी नळी खालच्या टोकाशी थोडी वाढविली व त्या वाढीव भागावर तिसरी चावी बसविली. त्यामुळे षड्जाखालचा शुद्ध निषाद मिळू लागला आणि त्या निषादाची तिप्पट कंपने म्हणजेच नेमका हवा असलेला तीव्र मध्यम. वरची फट खालून बुजविली गेली.

पुढील वाटचाल या निबंधाच्या दृष्टीने थोडक्यात सांगितली तरी पुरे. मोझार्टच्या काळी पाच चाव्यांचे क्लॅरिनेट सर्वत्र रूढ होते. ते पिवळसर बॉक्सवुडचे, सांध्यांवर हस्तिदंताची कडी असलेले असून पाते दोऱ्याने बांधलेले असे. अनेक वादक पाते वरच्या ओठाकडे ठेवूनच वाजवीत. खालच्या ओठावर ठेवण्याची आजची रीत हळूहळू स्थिरावली. १८१२ मध्ये इव्हान म्युलर याने तेरा चाव्यांचे क्लॅरिनेट पॅरिसच्या संगीतविद्यालयाने नेमलेल्या परीक्षकांपुढे ठेवले. एकाच वाद्यावर सर्व पट्ट्या वाजविता येतील, असा त्याचा दावा होता. परीक्षकांनी ते नाकारले. निरनिराळ्या लांबीच्या क्लॅरिनेटांचा आवाज निरनिराळ्या रंगाचा असतो व एकच वाद्य सर्वांच्या जागी आल्यास ते रंग नाहीसे होतील, हे त्यांचे एक कारण होते. हा आक्षेप पुराणमतवादी म्हणून हसण्यावारी नेला जातो. तथापि सनईवादकाला विचारले असता तो परीक्षकांच्याच बाजूने कौल देईल. म्युलरने चाव्यांखालील साध्या चामड्याऐवजी आत लोकर भरलेल्या गाद्या वापरल्या आणि हवा निसटण्याचा जुना दोष दूर केला. चाव्यांची संख्या वाढविणे यानंतरच शक्य झाले, म्हणून या गाद्यांचे महत्त्व तेरा चाव्यांपेक्षाही अधिक मानले पाहिजे.

म्युलरच्या वाद्यापासून दोन शाखा निघाल्या. जर्मनीत म्युनिकचा कार्ल बेर्मान आणि पुढे बर्लिनचा ऑस्कर ओलर यांनी ती पद्धती वाढवीत नेली. विसाव्या शतकाच्या आरंभी ओलरच्या क्लॅरिनेटवरील चाव्या वीसच्या वर गेल्या. ब्रसेल्सच्या अल्बेर घराण्याने तेच तेरा चाव्यांचे वाद्य फारसे न गुंतवता सुबक केले व ते इंग्लंडात विशेष खपले. फ्रान्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात क्लोझे व ब्युफे यांनी बोटांची मांडणीच बदलून जे निराळे वाद्य तयार केले ते आज बहुतेक जगभर चालते. परंतु एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पलटणींबरोबर हिंदुस्थानात पसरले ते प्रामुख्याने म्युलर-अल्बेर जातीचे, म्हणजे जर्मन वळणाचे साधे क्लॅरिनेट. लग्नबँडांतून ज्या जुन्या धाटणीच्या क्लॅरिनेटांनी दीर्घकाळ काम केले ती या वंशातील होत.

इकडे मराठवाड्यात वाद्याच्या घडणीचे लेखन डेन्नरच्या पूर्वी सुमारे साडेचारशे वर्षे झालेले होते. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या कारकिर्दीत (सु. १२१०–१२४७) शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो स्वतः राजाच्या दफ्तराचा अधिकारी होता, आणि त्याच्या वर्णनांत हिशेबनिसाचा नेमकेपणा जागोजाग दिसतो. सहाव्या वाद्याध्यायात त्याने ‘मधुकरी’ नावाचे एक सुषिर वाद्य सांगितले आहे. ते शिंगाचे किंवा लाकडाचे, २८ अंगुळे लांब आणि काहळेच्या आकाराचे असावे. त्याचे मुखाकडील रंध्र तुरीच्या दाण्याएवढे असावे. त्याला सात छिद्रे पाडावीत व आठवे खालच्या बाजूस असावे. मुखाशी चार अंगुळांची तांब्याची नळी बसवून तिच्यावर हस्तिदंतासारख्या कठीण द्रव्याची चकती घालावी. आणि नळाची किंवा काशाची दुधात शिजवून मऊ केलेली ‘शुक्तिका’ तिच्यावर चढवावी. काहळा ही धोतऱ्याच्या फुलासारखी उमलत जाणारी तुतारी. तेव्हा मधुकरीची नळीही शंकूच्या आकाराची होती, हे उघड आहे. आजच्या सनईत लाकडाची नळी, खालचा पितळी कर्णा, वरची धातूची बारीक नळी, चकती व पत्ती हे सर्व अवयव जवळजवळ त्याच क्रमाने आहेत. नाव फारसी आले, तरी वस्तू त्या नावाआधीपासून या भूमीला परिचित होती, असे अनुमान यावरून निघते. तुरीचा दाणा हे माप लातूरच्या आडतीवर आजही कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

मधुकरीच्या आठ छिद्रांची तुलना शालुमोच्या आठ छिद्रांशी केली की मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. छिद्रे तेवढीच, बोटे तेवढीच. एका नळीला चाव्या लागल्या, दुसरीला लागल्या नाहीत, कारण एक दंडगोल होती व दुसरी शंकू. चाव्यांची संख्या हे प्रगतीचे माप असते तर दोन चाव्यांच्या क्लॅरिनेटपेक्षा एकही चावी नसलेली सनई मागासलेली ठरती. परंतु दोन चाव्यांच्या क्लॅरिनेटला जो तीव्र मध्यम सापडत नव्हता तो सनईला अर्धे बोट उचलून प्रथमपासून मिळत होता. अर्धे छिद्र उघडण्याची ही क्रिया सनईचा प्राण आहे. मींड, आंदोलन, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणे हे सारे उघड्या छिद्रावरील बोटाच्या कातडीने साधते. चावी मात्र उघडी असते किंवा बंद असते. तिला अर्धवट अवस्था नाही. उलट बाजूही नमूद केली पाहिजे. सनईचा षड्ज ठरलेला असतो, साथीचा ‘सूर’ त्याच षड्जावर अखंड चाललेला असतो, आणि छिद्रांत मेण भरून थोडेफार जुळवून घेण्यापलीकडे षड्ज हलविता येत नाही. म्युलरच्या वाद्याला हे बंधन उरले नव्हते.

चावी या शब्दाविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. जर्मनमध्ये क्लॅरिनेटच्या या अवयवास ‘क्लापे’ म्हणजे झडप किंवा झाकण म्हणतात, आणि वस्तुतः ते आहेही झाकणच. इंग्रजी व फ्रेंच यांनी त्याला किल्ली म्हटले. मराठीने इंग्रजीचे पाहून पोर्तुगीज ‘शावे’ पासून आलेला आपला ‘चावी’ हा शब्द लावला. किल्ली म्हटले की काहीतरी बंद असलेले उघडते आणि ज्ञानाचे कुलूप निघाल्याचा भास होतो. झाकण म्हटले असते तर बोट पोहोचत नाही तेथे लावलेली ही एक युक्ती आहे हे लगेच कळले असते. चाव्या म्हणजे विकास, ही समजूत दृढ होण्यास या रूपकाचा हातभार लागला असावा.

मग क्लॅरिनेट नांदेड-लातूरच्या वरातीत का आले? निजामाच्या राज्यातील हा मुलूख असल्यामुळे येथे नौबत, नगारखाना, सनई-चौघडा ही राजचिन्हे होती आणि देवस्थानांनीही ती स्वीकारली होती. त्याच राज्यात हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. त्यांतील हिंगोली नांदेडच्या वायव्येस, तर मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई लातूरच्या वायव्येस, एका दिवसाच्या घोडदौडीच्या अंतरावर. कवायतीचे संगीत या प्रदेशाला अपरिचित राहिले नाही ते अशा ठाण्यांमुळे. पण छावणीतून गावात वाद्य उतरण्यास वाजविणारा लागतो, आणि तो गावात आधीच होता. गावची वाजंत्री ही बहुतेक ठिकाणी मातंग समाजाकडे होती. देवळातील वाद्यसेवा गुरवांकडे. सनई, सूर, हलगी किंवा डफडे असा ताफा लग्नाच्या प्रत्येक विधीला हवा असे. मंगल वाद्य म्हणून सनई सर्वांच्या पुढे. ती वाजविणारा मात्र देवळाच्या पायरीबाहेर. त्याचा मोबदला बलुत्याचा, म्हणजे मागून घेण्याचा. ‘वाजंत्री’ हा एकच शब्द मराठीत संगीतालाही लागतो व माणसालाही. या संकोचात माणसाचे स्वतंत्र नाव हरवते.

बँडने हा व्यवहार बदलला. पथकाला नाव आले, अंगावर गणवेश आला, आणि बलुत्याच्या जागी ‘सुपारी’ आली, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन तारीख पक्की करण्याचा करार. शब्दांचा हा बदल क्षुल्लक नाही. सनई वाजविणे हे गावचे काम होते व ते नाकारण्याची सोय नव्हती. बँडची सुपारी नाकारता येत असे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५० मध्ये राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि गावकीची कामे सोडण्याचा विचार ज्या पिढीत बळावला तिच्यापैकी अनेकांना हातातील कला न सोडता गावकी सोडण्याचा मार्ग बँडच्या रूपाने दिसला, असे म्हणता येते. गणवेश घातल्याने प्रतिष्ठा आपोआप मिळाली असे मात्र नव्हे. ग्रेगरी बूथ यांनी भारतीय लग्नबँडांवर २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही या वादकांच्या सामाजिक स्थानाचे चित्र उजळ नाही. तरीही बलुते आणि करार यांतील अंतर मोठे आहे, आणि क्लॅरिनेटने ते अंतर ओलांडावयास साहाय्य केले. दुसरे कारण चित्रपटाचे. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ व १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ यांनी बोलपटाचे युग सुरू केले. चित्रपटगीतांच्या चाली षड्ज बदलत धावतात, आणि तेथे म्युलरच्या तेरा चाव्या खरोखरच उपयोगी पडल्या.

वाद्य हाती आल्यावर वादकांनी त्याचे काय केले हे पाहण्यासारखे आहे. जर्मन कारागिरांनी शंभर वर्षे खपून प्रत्येक स्वराला स्वतंत्र चावी दिली; आपल्याकडील वादकांनी शक्य तेथे उघड्या छिद्रांवरच भर ठेवून बोट सरकवीत, ओठ सैल करीत स्वर पुन्हा घसरता केला. जुन्या धाटणीच्या वाद्यात छिद्रे मोठी व कड्या एकदोनच असल्यामुळे हे अधिक सुलभ होते. असाच प्रकार अन्यत्रही घडला आहे. तुर्कस्तान व ग्रीस या देशांत झुर्ना म्हणजे सनईचीच बहीण लग्नात वाजत असे; एकोणिसाव्या शतकापासून तेथेही क्लॅरिनेट तिच्या शेजारी व पुष्कळदा तिच्या जागी आले. तुर्की वादक आजही साध्या जर्मन-अल्बेर धाटणीचेच क्लॅरिनेट पसंत करतात, तेही याच कारणासाठी. मराठ्यांच्या तंजावरात दुसरे सरफोजी राजे (१७९८–१८३२) यांनी पाश्चात्त्य वाद्यांचे पथक बाळगले होते, आणि त्याच शतकात क्लॅरिनेट तेथील नृत्याच्या साथीत शिरले. मराठवाड्याप्रमाणेच पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या रायचूर जिल्ह्यातील पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी तर क्लॅरिनेटवर हिंदुस्थानी रागसंगीत मांडले. ज्या वाद्याला डेन्नरच्या हाती तीव्र मध्यम सापडत नव्हता त्यावर ‘यमन’ वाजतो याचे नवल वाटू नये; नवल आहे ते चाव्यांच्या जंगलातून मींड काढण्याचे.

सनईचे पुढे काय झाले याचे उत्तर दुहेरी आहे. बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांच्यामुळे ती मैफलीत गेली. शेजारच्या सोलापुरात जाधव घराण्याने सुंद्री या तिच्या लहान भगिनीला मानाचे स्थान मिळवून दिले. पण मैफलीच्या या सन्मानाचा लाभ नांदेड-लातूरच्या खेड्यांतील ताफ्यांपर्यंत पोहोचलेला दिसत नाही. त्यांच्या परिभाषेची स्थिती आणखी वाईट आहे. पत्ती कोणत्या गवताची, ती कोणत्या महिन्यात तोडावी, किती भिजवावी, नळीला कोणते लाकूड, आतले भोक कशाने कोरावे, सूर जुळेना तर मेण कोठे लावावे या प्रत्येक क्रियेला कारागिराच्या व वादकाच्या बोलीत शब्द आहे. मराठीच्या मोठ्या कोशांत तो बहुधा सापडत नाही. शार्ङ्गदेवाने ही विद्या नोंदविली ती संस्कृतात, आणि ज्याने २८ अंगुळांची नळी प्रत्यक्ष कोरली त्याच्या तोंडचे शब्द तेव्हाही गळून पडले. डेन्नरचा छाप लाकडावर राहिला. देवगिरीच्या कारागिराने छाप मारण्याची वहिवाट नव्हती, आणि मारला असता तरी त्याच्यासाठी अर्ज करावयास नगरसभा नव्हती.

आज या दोन्ही शहरांच्या रस्त्यांवर वरातीपुढे बँडच्याही जागी डीजेचे ट्रक दिसतात, आणि क्लॅरिनेटवाला सनईवाल्याच्याच वाटेने मागे सरकतो आहे. मंगल कार्यालयात अक्षता पडण्याच्या वेळी मात्र ध्वनिक्षेपकातून अजूनही सनईच लावतात. ती ध्वनिमुद्रित असते. तिच्यासोबतचा सूर धरणारा माणूस त्या मांडवात नसतो.